शीरखुर्म्यातली शेवई

रमजान ईदच्या दिवशी देवपुरातल्या आमच्या घरी शीरखुर्मा प्यायला येणाऱ्यांत एखादा तरी नवा पाहुणा असतोच. कुणी मुलाच्या ऑफिसातला, कुणी नातीच्या कॉलेजातला. पहिला घोट घेतला की तो हमखास विचारतो, "म्हणजे ही आमची शेवयांची खीरच ना?" वाटी संपत येते, जरा मोकळेपणा येतो आणि मग दुसरा प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठले?"

दोन्ही प्रश्नांत वाईट हेतू नसतो. आमचे अब्बा पहिल्या प्रश्नाला "हो, खीरच म्हणा" असे उत्तर देत आणि दुसऱ्याला "इथलेच, धुळ्याचे" असे सांगत. पहिल्या उत्तराने पाहुण्याचे समाधान होई. दुसऱ्याने होत नसे. "तसे नव्हे, त्याच्या आधी?" असे तो पुन्हा विचारी. अब्बा हसून म्हणत, "त्याच्या आधी मी जन्मलो नव्हतो." विषय तिथे संपे, पण माझ्या मनातून जात नसे.

पुढे वाचन वाढले, खानदेशचा इतिहास थोडाफार चाळला, तसे मला वाटू लागले की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शीरखुर्मा मूळचा कुठला, हे नीट शोधत गेले तर आपण मूळचे कुठले याचेही उत्तर बरेचसे हाती लागते. म्हणून हा लेख.

सुरुवात नावापासून करू. 'शीर' हा फारसी शब्द. अर्थ दूध. 'खुर्मा' हाही फारसी. अर्थ खजूर. दूध आणि खजूर, एवढेच या नावात आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक 'शिरकुर्मा' म्हणतात आणि काहींना तर तो कुर्म्याचा भाऊबंद वाटतो. तो गैरसमज सोडून द्यावा.

यातला 'शीर' मोठा गमतीचा शब्द आहे. संस्कृतात दुधाला 'क्षीर' म्हणतात. फारसी 'शीर' आणि संस्कृत 'क्षीर' हे एकाच प्राचीन भाषाकुळातले, एकाच मूळ शब्दापासून निघालेले सख्खे शब्द आहेत. इराणकडे गेलेल्या शाखेत तो 'शीर' झाला. इकडे प्राकृतातून 'क्ष'चा 'ख' होत तो 'खीर' झाला. म्हणजे पाहुणा जेव्हा "ही खीरच ना?" असे विचारतो, तेव्हा तो नकळत भाषाशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर बोलत असतो. शीर आणि खीर या दोन बहिणी. एक इराणात वाढली, एक इथे. ईदच्या सकाळी त्या आपल्या पातेल्यात भेटतात.

मराठीला हे फारसी शब्द परके नाहीत. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्युलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. मराठीत रुळलेल्या फारसी शब्दांची केवढी मोठी गर्दी आहे, हे त्यातून दिसते. आमच्या धुळ्याला ज्यांचा अभिमान आहे, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतले फारसी शब्द मोजून दाखवले होते. शिवकाळापासून दरबारी लिखाणातले त्यांचे प्रमाण कसे उतरत गेले, हे त्यांनी मांडले. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही गावात आहे. दरबारी कागदांतून फारसी कमी झाली, पण स्वयंपाकघरातून ती गेली नाही. हलवा, बर्फी, जिलेबी, मैदा, सरबत, पुलाव, बदाम, पिस्ता हे शब्द अरबी-फारसीतून आले. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा फारसी 'शीरा' म्हणजे रस किंवा पाक, या शब्दावरून आला. कुणी तो परका मानीत नाही आणि मानूही नये.

आता नावात काय नाही ते पाहू. आपल्याकडे ज्या वस्तूशिवाय शीरखुर्मा होऊच शकत नाही, ती शेवई या नावात नाही. खजूर किंवा खारीक कमी पडली तर चालते. पिस्ता तर कित्येक घरांत नसतोच. शेवई मात्र हवीच. ईदचा चंद्र दिसायच्या आठवडाभर आधीपासून बाजारात शेवयांचे ढीग लागतात. मग नावात दूध आणि खजूर, आणि वाटीत मुख्य शेवई, असे का झाले?

खजुराचे कारण धर्मात आहे. ईदुल फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित मुहंमद (स.) काही खजूर खात आणि ते विषम संख्येत खात, असे हजरत अनस यांच्या हवाल्याने सहीह बुखारीत नोंदले आहे. महिनाभराच्या रोज्यांनंतर त्या सकाळी उपाशी राहायचे नाही, हा त्यातला भाव. ईदगाहला निघण्यापूर्वी आपल्या घरात जो गोडाचा घास घेतला जातो, त्याचे मूळ या सुन्नतमध्ये आहे. अरबस्तानात खजूर होता. इराणात दूध-खजुराची जोड होती. तिथून हे नाव निघाले आणि माणसांबरोबर इकडे आले.

ते खानदेशात कोणत्या वाटेने आले असेल, हे समजायला नकाशा पाहावा लागतो. सुरतेचे बंदर आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणारा जुना व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून जात असे. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही त्यावरची गावे. यातली बहुतेक आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यातली. थाळनेरला फारुकी घराण्याची सुरुवात झाली. मलिक राजा फारुकीने १३८२ च्या सुमारास इथे स्वतंत्र सत्ता उभी केली. १३९९ मध्ये तो वारला. त्याने मोठ्या मुलाला, नासिर खानाला, लळिंगचा किल्ला दिला होता आणि धाकट्याला थाळनेर. लळिंग आमच्या देवपुरापासून फार तर दहाबारा किलोमीटरवर. मुंबईकडे जाताना महामार्गावरून तो किल्ला दिसतो. पुढे नासिर खानाने सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि दोनशे वर्षांची फारुकी राजवट संपली. ज्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१८ नंतर खानदेशचा कारभार हाती घेतला आणि धुळे हे मुख्य ठाणे केले, त्यानेच पुढे फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला. तो १८२९ साली छापला गेला. फारुकींची हकीकत त्यात आहे.

अकबराच्या काळात शाही स्वयंपाकघरात काय शिजत होते, हे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वजनमापांसह लिहून ठेवले आहे. त्यात 'शीरबिरिंज' आहे. दहा शेर दूध, एक शेर तांदूळ, एक शेर खडीसाखर आणि एक दाम वजनाचे मीठ. 'बिरिंज' म्हणजे तांदूळ. ही सरळ सरळ तांदळाची खीर झाली. त्या प्रकरणात तीस पदार्थांची यादी आहे, पण शीरखुर्म्याचे नाव नाही. दरबारी पंगतीत मान तांदळाला होता.

तांदूळ तर आपल्या खानदेशचा नावाजलेला होता. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याच रस्त्याने गेला. नवापूरच्या तांदळाविषयी तो लिहितो की दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा निम्म्याने लहान, शिजल्यावर बर्फापेक्षा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले अमीर-उमराव हाच तांदूळ खात. इराणात कुणाला आवडेल अशी भेट न्यायची तर या तांदळाची गोणी न्यावी, असेही तो सांगतो. आपण समजतो की इराणातून सगळे इकडे आले. इथून तिकडेही जात होते, आणि ते नवापूरहून जात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शेवईकडे येऊ. 'शेवई' हा शब्द अरबीही नाही आणि फारसीही नाही. इराणात पिठाच्या तारा करतात, त्यांना 'रिश्ता' म्हणतात. तो शब्द आपल्या घरात आला नाही. आपण शेवईच म्हणतो, उर्दू बोलणारी घरे सेवई म्हणतात. हा या मातीतला शब्द आहे. वस्तूही या मातीतलीच. पांझरेच्या काठी बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची फड पद्धत कित्येक शतकांपासून चालत आली. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात पाटस्थळाच्या जमिनीवर गहू निघे. शेतकऱ्याच्या घरी गहू हे सणाचे धान्य होते. आमच्या दादीच्या लहानपणी गव्हाची पोळी म्हणजे पाहुणा आला असा अर्थ होता, असे ती सांगायची.

शेवया करायच्या त्या उन्हाळ्यात, वाळवणाच्या दिवसांत. गहू धुऊन, ओलसर ठेवून दळायचे, बारीक चाळणीने चाळून सपीट आणि रवा वेगळा करायचा. पीठ घट्ट भिजवून, झाकून मुरू द्यायचे आणि मग तेलाचा हात लावून चांगले कुटायचे. पाट तिरका लावून त्यावर हाताने शेवई वळायची. एकीने वळायची, दुसरीने खालून अलगद झेलून काठीवर टाकायची. काठ्या बाजेवर आडव्या लावायच्या. एकट्या बाईचे हे काम नाही. आज आमच्या घरी, उद्या शेजारच्या काकूंच्या घरी, असे ते फिरत चाले. काकूंच्या शेवया कुरडया-पापडांबरोबर डब्यात जात. त्या आखाजीला, जावई आला की, दुधात किंवा गुळवण्यात पडत. आमच्या शेवया ईदची वाट पाहत. हात मात्र तेच असत. कुणाची शेवई कुणी वळली हे डब्यात गेल्यावर कुणाला सांगता आले नसते.

पुढे बाजेला आवळून बसवायचे, हाताने फिरवायचे शेवयांचे यंत्र आले. काम सोपे झाले. पण यंत्र फिरवायला आणि खालून झेलायला तेव्हाही दोघीजणी लागतच.

आपले चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. ती कधी थंडीत, कधी भर पावसात, तर कधी वैशाखात. शेवई मात्र उन्हातच वाळते. म्हणून ती वर्षभर टिकेल अशी करून ठेवण्याची पद्धत पडली. खजुराला समुद्र ओलांडून यावे लागे, शेवई घरच्या डब्यात असे. गरिबाच्या ईदला खजूर नसला तरी शेवई असे. दूध-खजुराच्या पदार्थात शेवई मुख्य कशी झाली, याचे उत्तर मला तरी या डब्यात दिसते.

फित्र्याचा विचार केला तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे फित्रा द्यायचा असतो, आणि आपल्याकडे त्याचा हिशेब गव्हावर होतो. आधी गहू गरिबाच्या घरी पोचवायचा, मग आपल्या घरी गोड करायचे. त्या दिवशी कुणाचे पातेले रिकामे राहू नये, हा त्यातला हेतू. गव्हाचा आणि ईदचा संबंध असा दुहेरी आहे.

खानदेशातले मुसलमान एका ठिकाणाहून आलेले नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर भागात तडवी आहेत. ते मूळचे भिल्ल, म्हणजे या डोंगरांचे सर्वांत जुने रहिवासी. पिंजारी, मणियार, बागवान, तांबोळी, खाटीक हे गावगाड्यातले. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत बनारस, आझमगढ, मऊकडचे मोमीन विणकर आग्रा रोडने बुऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे, भिवंडीपर्यंत आले. त्यांनी आपल्या मागांबरोबर किमामी सेवईही आणली. तुपात भाजलेली, पाकातली, सुकी सेवई. धुळ्यात आज अशी कितीतरी घरे आहेत जिथे ईदला दोन्ही होतात, किमामी सेवई ताटलीत आणि शीरखुर्मा वाटीत. सासर आणि माहेर, दोघांचा मान राहतो.

चारोळी सातपुड्याची. भिल्ल-पावरा बाया रानातून चारफळे गोळा करतात, फोडतात आणि आतली चारोळी बाजारात येते. वेलची केरळच्या डोंगरांतली. जायफळ तर अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगात फक्त इंडोनेशियाच्या बांदा बेटांवर पिकत होते. तिथून ते सुरतेला येई आणि सुरतेहून या रस्त्याने वर जाई. एका वाटीत एवढा मुलूख मावतो.

आता करण्याची रीत सांगते. जाणत्या वाचक भगिनींनी आपापल्या घरच्या रीतीशी ताडून पाहावी.

चाळीसेक वाट्यांसाठी पाच लिटर म्हशीचे दूध घ्यावे. दीडशे ग्रॅम खारीक चांदरातीच्या आदल्या रात्रीच भिजत घालावी. मग बिया काढून अडकित्त्याने बारीक काप करावेत आणि थोड्या दुधात वेगळे शिजवून घ्यावेत. बदाम भिजवून सोलावेत. बदाम, काजू, पिस्ते यांचे काप, मूठभर चारोळी, मनुका आणि आपल्या खानदेशी सवयीप्रमाणे सुक्या खोबऱ्याचे पातळ काप हे सगळे तुपात वेगवेगळे परतावे. त्या तुपात आधी चार लवंगा टाकाव्यात. दोनशे ग्रॅम बारीक शेवया तुपात मंद आचेवर तांबूस भाजाव्यात. जाड बुडाच्या पातेल्यात दूध उकळत ठेवावे आणि उलथणे फिरवत राहावे. पाच लिटरचे साधारण साडेचार झाले की सहाशे ग्रॅम साखर, शिजलेली खारीक आणि परतलेला मेवा घालावा. शेवई सगळ्यांत शेवटी घालावी. एक-दोन उकळ्या आल्या की पातेले उतरवावे. बारा-पंधरा वेलच्यांची पूड आणि किसलेले जायफळ उतरवल्यावर घालावे. केशर असेल तर उत्तम.

शीरखुर्मा पातळच हवा. शेवई थंड होताना दूध पीत राहते. सकाळी पळीतून धार पडत होती तो दुपारी चमच्याने खावा लागतो. म्हणून दोन लिटर दूध गरम करून बाजूला ठेवावे आणि लागेल तसे वाढवत जावे. दादी म्हणायची, "घट्ट केला तर घरच्यांना पुरेल, पातळ केला तर मोहल्ल्याला." म्हणूनच आपण शीरखुर्मा 'प्यायला' बोलावतो. माणसे किती येतील याचा नेम नसतो आणि आलेल्याला परत पाठवायचे नसते. त्या पातळपणात कंजुषी शोधू नये.

या वाटीवर काळाचे घाव पडत आले. खारीक मुख्यतः सिंधकडून येई. १९४७ साली सिंध परदेश झाला. तरीही व्यापार चालू राहिला आणि बाजारातली बरीचशी खारीक सीमेपलीकडूनच येत राहिली. पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसले आणि खारकेचे भाव चढले. पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये तिकडून होणारी आयात पूर्ण बंद करण्यात आली. देशाच्या निर्णयाबद्दल इथे काही म्हणायचे नाही. एवढेच सांगायचे की धुळ्यातल्या बाईने त्या ईदला खारीक कमी केली आणि मनुका वाढवल्या. शीरखुर्मा झालाच.

याहून खोल घाव जवळचे होते. त्यासाठी वाटीची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या घरी स्टीलच्या दोन डझन वाट्या आहेत. आजोबांचे नाव त्यांवर कोरलेले आहे. महाराष्ट्रात भांड्यांवर नाव कोरून घेण्याची चाल आहे, ती हिंदूंत आहे तशी आपल्यातही आहे. ईदच्या सकाळी या वाट्या झाकण घालून शेजारी जायच्या. शेजारधर्माचा नियम असा की वाटी रिकामी परत करायची नाही. मग कुणी साखर घालून देई, कुणी शेंगदाणे, कुणी घरचे लोणचे. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी दिवाळी आणि रमजान ईद थोड्याच दिवसांच्या अंतराने आल्या. २००५ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि ईद ५ नोव्हेंबरला. त्या वर्षी फराळाची ताटे आणि शीरखुर्म्याच्या वाट्या जिन्यात एकमेकांना भेटत. कुठले भांडे कुठल्या घरचे, हे कोरलेल्या नावावरूनच ओळखावे लागे.

२००८ साली ईद २ ऑक्टोबरला आली, गांधी जयंतीच्या दिवशी. आम्ही वाट्या पाठवल्या. तीनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, शहरात दंगल पेटली. संचारबंदी लागली. आमच्या गल्लीत काही घडले नाही, पण दारे बंद झाली. नदीपलीकडे जुन्या धुळ्यात आमचे नातेवाईक होते. फोनवरून "सलामत आहोत" एवढेच कळे. आमच्या अकरा वाट्या अकरा घरांत अडकल्या होत्या. दहा-बारा दिवसांनी दुकाने उघडली, मुले शाळेत जाऊ लागली, पण वाट्या परत आल्या नाहीत. मागायच्या कशा? अम्मी म्हणाली, "भांडी गेली तर गेली. मागायला जाऊ नका."

२८ ऑक्टोबरला दिवाळी होती. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आमच्या दाराशी आल्या. हातात आमची वाटी होती, वर रुमाल झाकलेला. आत अनारसे होते. त्या म्हणाल्या, "भाभी, रिकामी आणायची नाही म्हणून थांबले होते." अम्मीने त्यांना आत बसवले. दोघीही बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात आठ वाट्या परत आल्या. तीन आल्या नाहीत. त्यांतले एक घर पुढे भाड्याने गेले. दोन घरांत आजही वाटी असेल. पुढच्या वर्षी आम्ही त्या दोन घरी पाठवली नाही. त्यांनीही फराळ पाठवला नाही. हेही लिहायला हवे. फक्त परत आलेल्या आठांची गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल.

६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात पुन्हा दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. त्या वर्षी ९ ऑगस्टला ईद होती. त्या सहा घरांत त्या सकाळी दूध तापले असेल की नाही, याची मी कल्पना करू शकत नाही. आमच्या घरी पातेले चढले, कारण लहान मुले होती. काकूंनी वाटी घेतली आणि आमच्याबरोबर दुआसारखे हात जोडले.

२०२० च्या ईदला, २५ मे रोजी, टाळेबंदी होती. नमाज घरात झाली. पाच लिटरचे पातेले माळ्यावर राहिले, अर्ध्या लिटरचा शीरखुर्मा झाला. तेव्हापासून एक नवीन पद्धत पडली आहे. वाट्यांऐवजी कागदी ग्लास. धुवायचे नाहीत, हरवायची भीती नाही, आरोग्यालाही बरे, असे सून म्हणते. तिचे चुकत नाही. पण कागदी ग्लास परत येत नाही. ज्याला परत यायचे नाही त्यात परत काही घालायचेही नसते. शेजाऱ्याने तो प्यायचा आणि फेकायचा, संबंध तिथेच संपतो.

म्हणून मी आता एक ठरवले आहे. पाहुण्यांना ग्लास चालतील. शेजारी मात्र कोरलेल्या नावाच्या वाट्याच जातील. एकवीस उरल्या आहेत. सुनेला सांगितले, दोन-चार हरवल्या तर हरवू देत, बाजारातून नवीन आणू आणि त्यांवर आजोबांच्या नावाखाली तुझेही नाव कोरू.

आणि पाहुण्याने विचारले, "ही आमची शेवयांची खीरच ना?" तर मी सांगते, होय. नाव फारसी आहे, खजूर सुन्नतचा आहे, चारोळी सातपुड्याची आहे. शेवई या गल्लीतली आहे. ती कुणाच्या हातची, हे आमच्या दादीलाही सांगता आले नसते. दुसरा प्रश्न त्यानंतर सहसा येत नाही. आलाच तर अब्बांचे उत्तर अजून चालते. इथलेच, धुळ्याचे.